कावळा, फांदी आणि ब्रेकिंग न्यूज

(निपाणीत एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सरकारं पडणं आणि त्याचे टीव्हीवरचे शकुन-अपशकुन, या विषयावर बोलायला निपाणीइतकी सोयीची जागा नाही. तुम्ही मत देता ते बेंगळुरूच्या विधानसभेसाठी आणि रात्री जेवताना बातम्या बघता मुंबईच्या. दोन्हीकडची सरकारं पडताना तुम्ही पाहिलीत, दोन्हीकडचे ज्योतिषीही पाहिलेत. त्यामुळे मी काही लपवून बोललो तर तुम्ही मला इथेच पकडाल.

सुरुवात कावळ्यापासून करतो. जून २०१६. बेंगळुरूत मुख्यमंत्री सिद्धरामय्यांची सरकारी गाडी उभी आहे आणि तिच्यावर एक कावळा येऊन बसतो. लोक हुसकावतात, पण तो जागचा हलत नाही. झालं! कन्नड चॅनेलांना पर्वणीच मिळाली. कावळा म्हणजे शनीचं वाहन, आता साडेसाती, आता खुर्ची जाणार, अशी चर्चा रंगली. थोड्याच दिवसांत मुख्यमंत्र्यांना नवी गाडी आली. जुनी फार चालली होती, असं सांगण्यात आलं. खरं कारण कावळा की किलोमीटर, ते त्या ड्रायव्हरला ठाऊक.

मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आपल्याकडे दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही की घरातल्यांच्या पोटात गोळा येतो. हात जोडून सांगावं लागतं, ‘धाकट्याचं लग्न करून देऊ, काळजी करू नका.’ तिथे कावळा येत नाही म्हणून पंचाईत, इथे आला म्हणून पंचाईत. त्या पाखरानं करावं तरी काय?

आता पुढचं ऐका. त्या कावळ्यानंतर सिद्धरामय्यांनी २०१७ चं बजेट मांडलं, २०१८ चंही मांडलं, आणि पाच वर्षं पूर्ण केली. देवराज अर्सांनंतर कर्नाटकात पूर्ण मुदत काढलेला हा पहिला मुख्यमंत्री. मग मे २०१८ च्या निवडणुकीत बहुमत गेलं. तेव्हा मला एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला, ‘बघा, कावळा खोटं बोलत नाही.’ म्हटलं, काका, कावळा बसला २०१६ ला, फांदी मोडली २०१८ ला. एवढा वेळ तो बसूनच होता का?

आपल्या भाषेनं हे सगळं कधीच ओळखून ठेवलंय. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. ही म्हण आपण रोज वापरतो, आणि संध्याकाळी टीव्ही लावून तिच्या बरोबर उलटं ऐकत बसतो.

कर्नाटकातली दुसरी गोष्ट चामराजनगरची. म्हैसूरच्या खालचा, जंगलाला लागून असलेला जिल्हा. तिथे जो मुख्यमंत्री जाईल त्याची खुर्ची जाते, असा समज. पुरावा म्हणून यादी सांगतात. देवराज अर्स, गुंडूराव, रामकृष्ण हेगडे, बोम्मई, वीरेंद्र पाटील. यादी ऐकली की माणूस गार पडतो. मी त्या यादीपुढे दुसरा कॉलम ओढून बघितला. अर्सांचं इंदिरा गांधींशी फाटलं, पक्ष फुटला, १९८० च्या लोकसभा निकालानंतर त्यांचे आमदार निघून गेले. गुंडूराव १९८३ ची निवडणूक हरले. हेगडेंनी १९८८ साली फोन टॅपिंगच्या प्रकरणात राजीनामा दिला. वीरेंद्र पाटील आजारी होते, राज्यात दंगली झाल्या होत्या, आणि १९९० साली राजीव गांधींनी विमानतळावरच नेता बदलणार असं सांगून टाकलं. चौघांची कारणं चार तऱ्हेची. चामराजनगर त्यात कुठेच नाही.

बोम्मई मुद्दाम मागे ठेवले. कारण आजच्या विषयातला खरा माणूस तोच. १९८९ च्या एप्रिलमध्ये एकोणीस आमदारांनी पाठिंबा काढल्याची पत्रं राज्यपालांकडे पोचली. त्यातल्या काहींनी नंतर घूमजाव केलं. बोम्मई म्हणाले, मला विधानसभेत बहुमत सिद्ध करू द्या. राज्यपालांनी ते मानलं नाही, आणि २१ एप्रिलला सरकार बरखास्त झालं. आता कल्पना करा, बोम्मई ‘चामराजनगर बाधलं’ म्हणून गप्प बसले असते आणि एखादी शांत करून मोकळे झाले असते तर? ते कोर्टात गेले. कर्नाटक हायकोर्टात हरले, पुढे सुप्रीम कोर्टात गेले. ११ मार्च १९९४ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं निकाल दिला, की बहुमत आहे की नाही हे ठरवायची जागा सभागृह, राजभवन नव्हे. बोम्मईंना खुर्ची परत मिळाली नाही. पण नोव्हेंबर २०१९ ला महाराष्ट्रात पहाटे राष्ट्रपती राजवट उठून सकाळी शपथविधी झाला, तेव्हा सुप्रीम कोर्टानं चोवीस तासांत विश्वासदर्शक ठराव घ्या म्हणून सांगितलं ते याच वाटेनं. सरकार का पडलं, याचं कारण एकदा माणसाच्या करणीत सापडलं की कोर्टाचं दार वाजवता येतं. कावळ्यावर कसला दावा लावणार?

उत्तर प्रदेशात हेच नोएडाचं. १९८८ साली वीरबहादुर सिंह तिथे जाऊन आले आणि पद गेलं. तेव्हापासून मुख्यमंत्री नोएडाला जायला कचरू लागले. अखिलेश यादवांनी यमुना एक्स्प्रेसवेचं उद्घाटन लखनौत बसून केलं. रस्ता इकडे, फीत तिकडे. नोएडाला गेले नाहीत तरी २०१७ ला हरलेच. मायावती नोएडाला गेल्या आणि २०१२ ला हरल्या, हे सगळे सांगतात. पण त्या राज्यात पाच वर्षं पूर्ण करणाऱ्या पहिल्या मुख्यमंत्री त्याच, हे कुणी सांगत नाही. योगी आदित्यनाथ डिसेंबर २०१७ ला नोएडाला गेले आणि २०२२ ला परत निवडून आले. त्या दिवशी एकाही चॅनेलवर ‘नोएडाचा शाप खोटा’ अशी तासभर चर्चा झाली असेल तर मला दाखवा. शाप उठला, त्याला बातमी म्हणत नाहीत.

आपल्या मंत्रालयात सहाव्या मजल्यावर ६०२ नंबरची खोली आहे. मोठी, प्रशस्त. एकनाथ खडसे तिथे बसले, २०१६ ला राजीनामा द्यावा लागला. मग पांडुरंग फुंडकर, २०१८ ला हृदयविकारानं गेले. मग अनिल बोंडे, २०१९ ला मोर्शीत निवडणुकीत पडले. नवं सरकार आलं तेव्हा ती खोली कुणी घ्यायला तयार नाही, अशा बातम्या रंगल्या. त्यातला राजीनामा भोसरीच्या जमिनीच्या आरोपांनंतरचा होता, हे त्या बातम्यांत एका ओळीत उरकलं जायचं. खोलीला दोष दिला की फाइल उघडायला नको. मंत्र्याला बरं, विरोधकाला बरं आणि आम्हा पत्रकारांना तर फारच बरं.

साधा हिशोब करा. १९६० पासून महाराष्ट्रात पाच वर्षांची मुदत सलग पूर्ण केलेले मुख्यमंत्री दोनच, वसंतराव नाईक आणि देवेंद्र फडणवीस. बाकी सगळे अध्येमध्ये गेले. जिथे खुर्चीच एवढी डुगडुगते, तिथे कुठलीही खोली, कुठलाही बंगला घ्या, पाच-सात वर्षांत तीन बळी मिळणारच. ६०२ च्या शेजारच्या खोलीचा इतिहास काढा, तोही असाच निघेल. फक्त तो कुणी काढत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत मुख्यमंत्र्यांच्या वर्षा बंगल्याच्या आवारात रेड्यांची शिंगं पुरलीत, अशी चर्चा संजय राऊतांनी जाहीरपणे बोलून दाखवली. दोन दिवस दुसरी बातमी नव्हती. म्हणूनच मुख्यमंत्री तिथे राहायला जात नाहीत, असा अर्थ निघाला. मुख्यमंत्री फडणवीस म्हणाले, मुलीची दहावीची परीक्षा आहे, आणि बंगल्याचं काम चालू आहे. ज्याच्या घरात दहावीचं पोर आहे त्याला हे कारण तिथल्या तिथे पटलं असेल. पण दहावीला टीआरपी नाही.

राजकारणी माणसाची मी टिंगल करत नाही. दर्यात जाणारा कोळी नारळ सोडतो. बोअर मारण्याआधी शेतकरी पाणाड्याला बोलावतो, तो नारळ तळहातावर उभा धरून शेतातून फिरतो. जिथे आपल्या हातात काही नाही तिथे माणूस असं काहीतरी धरतोच. आणि दहा-बारा जणांच्या मर्जीवर ज्याची नोकरी, त्याच्या हातात असतं काय? जुलै २०१९ मध्ये कुमारस्वामींचं सरकार डळमळत होतं. त्यांचे बंधू, मंत्री रेवण्णा, हातात लिंबू बाळगतात याची चर्चा सभागृहापर्यंत गेली, आणि जादूटोण्यानं कधी सरकार वाचतं का, असं खुद्द मुख्यमंत्र्यांना विचारावं लागलं. २३ जुलैला मतदान झालं. ९९ विरुद्ध १०५. उत्तर तिथेच मिळालं. पण लिंबाची ही भानगड चालू असताना जे आमदार मुंबईच्या हॉटेलात जाऊन बसले होते, ते का गेले, कुणाच्या खर्चानं राहिले, याला टीव्हीवर लिंबाइतका वेळ मिळाला नाही.

आता कायदा. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. दाभोलकरांचा खून झाला आणि वर्षानुवर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा चार दिवसांत वटहुकूम म्हणून निघाला. डिसेंबरात तो विधिमंडळानं मंजूर केला. पुष्कळांना वाटतं, या कायद्यानं टीव्हीवरचा ज्योतिषी बंद होईल. नाही होणार. त्या कायद्यात वास्तुशास्त्राचा सल्ला, ज्योतिषाचा सल्ला, नंदीबैलवाल्याचं ज्योतिष आणि आमचा पाणाड्या, हे सगळे स्पष्ट शब्दांत बाहेर ठेवलेत. तडजोडीशिवाय तो मंजूरच झाला नसता, हे मी मान्य करतो. पण जाहिरातींचं तसं नाही. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं सांगितलं, की यंत्र-तावीज चमत्कार करतात अशी टीव्हीवर जाहिरात दाखवून विकणं या कायद्याखाली गुन्हा आहे. आणि केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत तर अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रम दाखवू नये, असं आधीपासून छापलेलं आहे. छापलेलं आहे, एवढंच म्हणतो.

जे ज्योतिष कायद्यानं बाहेर ठेवलं, ते तपासायला मात्र कुणाची बंदी नाही. डॉ. जयंत नारळीकरांनी पुण्यात ते केलं, दाभोलकर बरोबर होते. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून दोनशे कुंडल्या जमवल्या. एकेका ज्योतिषाला चाळीस पाठवल्या आणि विचारलं, कोणती कुठली ते सांगा. उत्तरं आली सत्तावीस जणांची. चाळिसांपैकी सरासरी सव्वासतरा बरोबर. नाणं उडवलं असतं तर वीस आली असती.

समोरून चिठ्ठी आली आहे. ‘तुम्ही स्वतः चॅनेलात होता, तुम्ही काय केलंत?’ प्रश्न रास्त आहे. वर्तमानपत्रात आयुष्य गेलं आणि शेवटची काही वर्षं मुंबईत एका चॅनेलच्या आउटपुटला, म्हणजे पडद्यावर काय जायचं ते ठरवणाऱ्या विभागात, होतो. चॅनेलचं नाव मी घेणार नाही. जून २०२२ चा तो आठवडा. शिवसेनेचे बंडखोर आमदार सुरतेला, तिथून गुवाहाटीला. चोवीस तास स्क्रीन भरायचा आणि नवी बातमी तासातासाला येत नाही. रिपोर्टर गुवाहाटीला पाठवायचा तर विमान, हॉटेल, कॅमेरामन. ज्योतिषाला काय, एक गाडी आणि एक चहा. शिवाय त्याचं बोलणं चुकलं तरी कुणी नोटीस पाठवत नाही. शनी कुठं कोर्टात जातो? म्हणून रनडाउनमध्ये, म्हणजे कार्यक्रमांच्या क्रमात, रात्री नऊचा स्लॉट त्याला दिला. तो मीच दिला. सही माझी होती.

हे ज्योतिषी गुरुजी सज्जन माणूस. आठच्या सुमारास यायचे, मेकअप करून घ्यायचे आणि सरळ आमच्या पोलिटिकल डेस्कपाशी खुर्ची ओढून बसायचे. आमचा एक तरुण रिपोर्टर होता, तीन रात्री घरी गेला नव्हता. गुरुजी त्याला हळूच विचारायचे, ‘बाळ, आज किती झाले? चाळीसच्या पुढे गेले का? राज्यपाल पत्र कधी देणार?’ तो पोरगा मोकळ्या मनाचा. त्यानं सांगून टाकलं, की ३० तारखेला बहुमत चाचणी लागेल असं दिसतंय, आणि आकडा काही जमत नाही. नऊ वाजता स्टुडिओत दिवे लागले. गुरुजींनी कुंडली समोर धरली, चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘शनी वक्री आहे. तीस तारखेच्या आत सत्तांतर.’ मी आत पीसीआरमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या कंट्रोल रूममध्ये, उभा होतो. पोरगा माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो, आणि टिकरला ओळ सोडायला सांगितली.

२९ तारखेला रात्री सुप्रीम कोर्टानं बहुमत चाचणीला स्थगिती द्यायला नकार दिला, आणि थोड्याच वेळात मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंनी राजीनामा जाहीर केला. आमच्या प्रोमो विभागानं वीस मिनिटांत पट्टी तयार केली. गुरुजींचा फोटो, मागे फिरणारं राशिचक्र, खाली मोठ्या अक्षरांत, ‘आमचं भाकीत खरं ठरलं.’ रात्रभर दर अर्ध्या तासानं ती चालली. ज्यानं ती बातमी आणली होती तो मलबार हिलला राजभवनाच्या फाटकाबाहेर, अंगावर रेनकोट, एका हातात बूम आणि दुसऱ्या हातात गार झालेला वडापाव घेऊन उभा होता. मध्यरात्री त्यानं मला फोन करून विचारलं, ‘सर, माझा फोनो, फोनवरून बातमी, घेताय का, की जाऊ घरी?’