उजनीच्या पाण्यावर, सकाळी साडेसहा

सकाळचे साडेसहा वाजलेत, कुंभारगावचा काठ, अजून नीट उजाडलं पण नाहीये आणि पक्षी बघायला आलेल्या पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागलीय. कुणाच्या गळ्यात हातभर लेन्स, कुणाच्या कडेवर झोपेतलं पोरगं. समोर आहे ते उजनीचं बॅकवॉटर. धरण तिकडं माढा तालुक्यात, १९८० साली पूर्ण झालं, आणि भीमेचं पाणी तुंबत तुंबत पार इथं भिगवणपर्यंत आलं. शेतं गेली, गावं गेली, पळसदेवचं जुनं देऊळ गेलं, पाणी उतरलं की ते अजून वर येतं.

आता ही होडी बघा. पहाटे हिच्यातनंच जाळं ओढलंय, फळीला चिलापी माशाचे खवले चिकटलेत अजून, आणि त्याच फळीवर सतरंजी टाकून आता पर्यटक बसणार. बाहेरच्याला वाटतं इथं मासेमारी एकीकडं आणि टुरिझम दुसरीकडं, पण बऱ्याचदा दोन्ही करणारा माणूस एकच असतो, त्यामुळं पाण्यावरचं भांडण सोडवायचं तर सुरुवात त्याच्यापासूनच करावी लागते.

भांडण होतं कशावरून? त्या रिकाम्या बाटल्या तरंगतायत ना, तो कचरा नाही, खाली कुणाचं तरी जाळं लावलेलं आहे. अनोळखी माणसानं इंजिन चालू ठेवून त्यावरनं होडी घातली की पंख्यात जाळं गुंततं, होडी अडकते आणि जाळं फाटतं ते वेगळंच. काठावर शेतकऱ्यांच्या मोटारी आणि पाइप. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की तिथं गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी सुरू, मग होडी लावायची जागाच बदलते, कालपर्यंत जिथनं बसत होतो तिथं आज गुडघाभर चिखल.

आणि पक्षी. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, हिवाळ्यात इथं येतो, उथळ पाण्यात मान खाली घालून, चोच उलटी करून गाळून गाळून खातो. त्याला उथळच पाणी लागतं, म्हणून सगळ्या होड्या पण नेमक्या तिथंच जमतात. "दादा, अजून थोडं जवळ घ्या ना, उडतानाचा फोटो पाहिजे." पहिल्यांदा आलो तेव्हा मी पण हेच म्हणालो होतो, त्याचं आज वाईट वाटतं. एवढा मोठा पक्षी जागच्या जागी उडत नाही, पाण्यावरनं धावत जाऊन उठतो, खाणं अर्धवट सोडून. एका होडीनं एकदा उठवलं तर दहा होड्या दहा वेळा उठवणार!

होडीवाल्याला हे कळत नाही का? आपल्यापेक्षा जास्त कळतं. पण तो एकटा नाही म्हणाला तर गिऱ्हाईक पुढच्या वेळी शेजारच्या होडीत बसणार. म्हणून नियम सगळ्यांचा मिळून पाहिजे, आणि होडीवाल्यांनी, मच्छीमारांनी बसून ठरवलेला पाहिजे: थव्यापासून लांब इंजिन बंद, पुढं बांबूनं रेटायचं, एका थव्याजवळ एका वेळी मोजक्याच होड्या, जाळ्यांची बाजू सोडून जायचा रस्ता. कुरव पक्ष्यांना, म्हणजे सीगलना, शेव-गाठ्या टाकणं पण बंद, ते त्यांचं खाणं नाही.

पाणी जलसंपदा खात्याचं, मासे मत्स्यव्यवसाय खात्याचे, पक्षी वन विभागाचे, मग होडीतला माणूस कुणाचा? २१ मे २०२४ ला करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला येणारी होडी वादळात उलटली, सहा जण गेले, त्यात दोन लहान लेकरं होती. ती टुरिस्ट होडी नव्हती, रोजच्या ये-जा करणाऱ्यांची होती, पण पाणी हेच आणि वारं पण हेच. म्हणून सांगतो, लाइफ जॅकेट होडीच्या कोपऱ्यात पडून चालत नाही, अंगात पाहिजे, पट्टे आवळून, लेकरांना त्यांच्या मापाचं. आणि उन्हाळ्यात आभाळ भरून आलं की होडी काठाला, पैसे भरलेले असोत नाहीतर नसोत.

आता इंजिन बंद झालंय. बांबू तळाच्या गाळात रुततो, निघताना बुडबुडे येतात, एवढाच आवाज. थवा खातोय, एकानंही मान वर केली नाही, उलट दोन-तीन पक्षी चरत चरत आमच्याच बाजूला यायला लागलेत.

मागनं दुसरी होडी येतेय, फटफट करत. आमचा होडीवाला उभा राहतो, हात वर करतो.

तिकडचं इंजिन बंद होतं.