सिस्टर, औषध तुम्हीच लिहून देणार?

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या दिवाळीत माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा अमेरिकेहून फोन आला. इथून बी.एस्सी. नर्सिंग करून गेलेली ही मुलगी सध्या टेक्सासमध्ये एका मानसोपचार क्लिनिकमध्ये काम करते. म्हणाली, “मॅडम, आज पहिल्यांदा मराठीत पेशंट तपासला.” कोण, कुठल्या गावचा, हे तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढंच कळलं, की मुलाकडे राहायला गेलेल्या एक आजी होत्या. झोप उडालेली, अन्नावर वासना नाही, आणि दिवसभर एकच वाक्य, ‘जीव वर-खाली होतो.’ दुभाष्याने आधी त्याचं ‘छातीत दुखतं’ करून टाकलं होतं. त्यापायी हृदयाच्या सगळ्या तपासण्या होऊन गेल्या होत्या, निघालं काहीच नव्हतं. माझ्या विद्यार्थिनीने तासभर आजींचं ऐकून घेतलं, घरच्यांशी बोलली आणि मग औषध लिहिलं. तेव्हा आजी म्हणाल्या, “सिस्टर, औषध तुम्हीच लिहून देणार? डॉक्टर नाहीत का?”

आजींचं काही चुकलं नाही. आपल्याकडे सिस्टर औषध देते, लिहीत नाही. पण अमेरिकेत परिचारिकेचीच एक वरची पायरी आहे. तिचं नाव लांबलचक आहे: सायकियाट्रिक मेंटल हेल्थ नर्स प्रॅक्टिशनर. तिकडची मंडळी नुसतं पीएमएचएनपी म्हणतात. ही व्यक्ती मनोरुग्णाची तपासणी करते, निदान करते, औषध लिहिते आणि समुपदेशनापलीकडची मानसोपचाराची सत्रंही घेते. ती डॉक्टर नसते. मानसोपचारतज्ज्ञ एम.डी. वेगळे आणि ही वेगळी. ही नर्सिंगच्याच वाटेने वर आलेली असते.

आज या वाटेबद्दल सविस्तर बोलायचं ठरवलंय, कारण दर महिन्याला मला एकच प्रश्न येतो. कोल्हापूरहून येतो, जळगावहून येतो, दुबईत नोकरी करणाऱ्या ब्रदरकडून येतो. “मॅडम, माझं मानसिक आरोग्य परिचर्येत एम.एस्सी. झालंय. मला तिकडे थेट पीएमएचएनपी होता येईल का?”

थेट नाही. हे आधी सांगते आणि कारण नंतर सांगते, कारण याच एका गैरसमजावर कित्येकांचे पैसे बुडालेले मी पाहिलेत.

ही भूमिका आली कुठून, ते थोडं ऐका. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांपैकी फार जण मनाने मोडलेले होते, आणि त्यांच्यावर उपचार करायला माणसं नव्हती. 1946 मध्ये अमेरिकेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कायदा केला. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक यांच्या बरोबरीने परिचारिकांच्या उच्च शिक्षणालाही सरकारी पैसा मिळू लागला. त्या काळात हिल्डगार्ड पेप्लाउ नावाची परिचारिका होती. 1952 मध्ये तिने मांडलं, की परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच उपचाराचा गाभा आहे. 1954 मध्ये तिने रटगर्स विद्यापीठात मनोविकार परिचर्येतल्या तज्ज्ञ परिचारिका घडवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. याच 1954 मध्ये आपल्याकडे बंगळूरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली, आजच्या निम्हान्सची पूर्वज, आणि त्या दशकातच तिथे परिचारिकांसाठी मनोविकार परिचर्येचा डिप्लोमा निघाला. सुरुवात आपण जवळजवळ एकत्रच केली होती, श्रोतेहो. हे आठवलं की मला अभिमानही वाटतो आणि हुरहुरही लागते.

नर्स प्रॅक्टिशनर ही कल्पना त्यानंतरची. 1965 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी पहिला अभ्यासक्रम चालू केला, तो मुलांच्या आरोग्यासाठी होता. पुढे शाखा वाढल्या, प्रत्येक राज्याचे नियम वेगळे झाले, गोंधळ माजला. म्हणून 2008 मध्ये तिथल्या नर्सिंग संस्थांनी एकत्र बसून एक सामाईक आराखडा ठरवला. त्यात सहा शाखा आल्या. मनोविकार ही त्यातली एक, आणि ती बालकापासून वृद्धापर्यंत सर्व वयांसाठी.

आता पायऱ्या. सगळ्यात खालची, रजिस्टर्ड नर्स होणं, म्हणजे आरएन. आपल्या मुलींनी त्यासाठी इथल्या पदवीचं मूल्यमापन करून घ्यायचं आणि एनक्लेक्स ही परीक्षा द्यायची. ती भारतातली केंद्रं निवडूनही देता येते. आता तिच्यात कमीत कमी 85 आणि जास्तीत जास्त 150 प्रश्न असतात. तुमच्या उत्तरानुसार पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड होत जातो, त्यामुळे प्रश्न अवघड वाटायला लागले तर घाबरू नका.

आरएन झाल्यावर मुख्य फाटा येतो. बी.एस्सी. असेल तर मास्टर्स, ज्याला एमएसएन म्हणतात. किंवा थेट डॉक्टरेट, डीएनपी. ही संशोधनाची पीएच.डी. नव्हे, प्रत्यक्ष कामातली सर्वोच्च पदवी आहे. 2004 मध्ये तिथल्या नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने जाहीर केलं होतं, की 2015 पर्यंत सगळे नर्स प्रॅक्टिशनर डीएनपी घेऊनच बाहेर पडावेत. तसं झालं नाही. आजही मास्टर्स केलेल्याला पीएमएचएनपीच्या प्रमाणपत्राची परीक्षा देता येते. माझं मत विचाराल तर, कर्ज काढून जाणाऱ्या मुलीने आधी मास्टर्स करावं, कामाला लागावं, डीएनपी मागाहूनही करता येते. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्यांसाठीही काही विद्यापीठांत जोड-अभ्यासक्रम आहेत, पण आपल्याकडचं पोस्ट बेसिक बी.एस्सी., म्हणजे डिप्लोमानंतरची पदवी, करून गेलात तर दारं जास्त उघडतात.

तिसरा फाटा ज्यांच्याकडे नर्सिंगची पदव्युत्तर पदवी आधीच आहे, त्यांच्यासाठी. पोस्ट-ग्रॅज्युएट सर्टिफिकेट. विद्यापीठ तुमचा आधीचा अभ्यास ओळीने तपासतं आणि काय कमी आहे तेवढंच शिकायला लावतं. आपल्याकडच्या एम.एस्सी. झालेल्यांना माझं उत्तर इथे लागू पडतं. तुमची पदवी वाया जात नाही, पण ती पुरतही नाही. कारण प्रमाणपत्राची परीक्षा द्यायला तिथल्या मान्यताप्राप्त नर्सिंग अभ्यासक्रमातूनच पीएमएचएनपी म्हणून बाहेर पडावं लागतं. शिवाय तीन विषय पदव्युत्तर पातळीवर स्वतंत्रपणे झालेले लागतात: प्रगत विकृतिशरीरक्रियाशास्त्र (आजारात शरीराचं काम कसं बिघडतं, त्याचा अभ्यास), प्रगत शारीरिक तपासणी आणि प्रगत औषधशास्त्र. आपल्या एम.एस्सी.त यातलं पुष्कळ येतं, पण बहुतेक वेळा विखुरलेलं असतं, आणि त्यांना प्रत्येक विषय गुणपत्रिकेत वेगळ्या नावाने दिसायला हवा असतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टीकडे येते. ती म्हणजे तास.

या शिक्षणात रुग्णासमोर बसलेले तास मोजले जातात. प्रमाणपत्र देणारी संस्था कमीत कमी 500 तास मागते, आणि 2022 मध्ये ठरलेल्या राष्ट्रीय निकषांनुसार अभ्यासक्रमांनी 750 तास द्यायचे आहेत. हिशेब करून बघा. आठवड्यातले दोन दिवस, रोज आठ तास, असं केलं तरी 750 तासांना जवळजवळ 47 आठवडे लागतात. वर्षच म्हणा ना. हे तास प्रिसेप्टर म्हणजे अनुभवी मार्गदर्शकाच्या नजरेखाली भरायचे, त्यात लहान मुलंही आली पाहिजेत आणि म्हातारी माणसंही. औषधांपुरतं शिकून भागत नाही. मानसोपचाराच्या किमान दोन पद्धतींचं प्रत्यक्ष प्रशिक्षण लागतं.

विद्यार्थी अडकतात ते इथेच. काही विद्यापीठं प्रिसेप्टर शोधण्याचं काम विद्यार्थ्यावर सोडतात. परक्या देशात, ओळखीपाळखी नसताना, एकेका क्लिनिकला ईमेल करत बसायचं, उत्तर येत नाही, सत्र पुढे ढकललं जातं, फी मात्र चालू राहते. म्हणून प्रवेशाआधी विद्यापीठाला एकच प्रश्न लेखी विचारा: “प्रिसेप्टर तुम्ही देणार की मी शोधायचा?” उत्तर गोलमोल आलं तर दुसरं विद्यापीठ बघा. क्रमवारी, इमारतीचे फोटो, माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती हे सगळं नंतर.

चांगल्या प्रिसेप्टरशेजारी बसून काय मिळतं, ते माझ्या विद्यार्थिनीने सांगितलं. तिला पहिल्या महिन्यात रुग्ण गप्प झाला की भीती वाटायची. ती लगेच पुढचा प्रश्न विचारायची. प्रिसेप्टर बाईंनी तिला फक्त एवढंच सांगितलं, की घड्याळाकडे न बघता मनात दहा आकडे मोज. सहाव्या-सातव्या आकड्याला माणूस बोलायला लागतो. मी वीस वर्षं शिकवतेय, आणि हे मला वर्गात कधी शिकवता आलं नाही. ते वॉर्डातच शिकायचं असतं.

शिक्षण संपलं, परीक्षा पास झालात, प्रमाणपत्र मिळालं. ते पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. पण स्वतंत्रपणे काम करता येईल की नाही, हे राज्यावर ठरतं. ओरेगॉन, वॉशिंग्टन, अ‍ॅरिझोना या राज्यांत तुम्ही स्वतःचं क्लिनिक थाटू शकता. न्यूयॉर्कमध्ये 3,600 तासांचा अनुभव झाल्यावर डॉक्टरशी लेखी कराराची अट सुटते. टेक्सासमध्ये औषध लिहायला डॉक्टरशी करार असावाच लागतो. त्यामुळे आजींना उत्तर देताना माझी विद्यार्थिनी म्हणाली, “आजी, औषध मीच लिहिणार, आणि माझ्या पाठीशी एक डॉक्टरही आहेत.” आजींना ते फार आवडलं म्हणे. झोपेच्या किंवा लक्ष केंद्रित होण्याच्या काही औषधांवर तर केंद्र सरकारचं वेगळं नियंत्रण असतं, त्यासाठी डीईए या खात्याची नोंदणी निराळी घ्यावी लागते.

आता थोडं कडक बोलते. माझ्या ओळखीच्या एका मुलीने घरचं सोनं गहाण ठेवून एका एजंटला पैसे दिले. तिला सांगितलं गेलं, की घरी बसून ऑनलाइन कोर्स कर, तिकडे थेट नर्स प्रॅक्टिशनर होशील. रुग्णासमोरचे तास ऑनलाइन भरत नाहीत, श्रोतेहो. पूर्ण ऑनलाइन कोर्सवर विद्यार्थी व्हिसाही मिळत नाही. आणि आरएनचं लायसन्स हातात नसेल तर तिथल्या रुग्णाजवळ तुम्हाला कोणी फिरकूही देणार नाही. नोकरीच्या मार्गाने ग्रीन कार्डसाठी भारतीय परिचारिकांची रांग कित्येक वर्षांची आहे, हेही घरात सगळ्यांनी मिळून समजून घ्या, विशेषतः लग्न ठरवताना. सासरच्यांना ‘दोन वर्षांत जाणार’ असं सांगून बसलेल्या मुली मी पाहिल्यात.

आणि जाणं हीच एक वाट नाही. आपल्याकडे 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की वेगवेगळ्या मनोविकारांत 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत, गोव्यात बांबोळीच्या संस्थेत, कुशल परिचारिका म्हणजे सोनं आहे. माझ्या लहानपणी भांडणात ‘तुला येरवड्याला पाठवायला पाहिजे’ असं सर्रास म्हणत. त्याच येरवड्यात पुढे मी पहिली पोस्टिंग केली आणि तिथल्या सिस्टर्सना रुग्णांच्या वेण्या घालताना पाहिलं. तेव्हापासून ते वाक्य माझ्या घरात कुणी उच्चारलेलं मला चालत नाही.

इथे शिकायचं तर भारतीय परिचर्या परिषदेचा मनोविकार परिचर्येचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे, आणि एक वर्षाच्या अनुभवानंतर दोन वर्षांचं एम.एस्सी. आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आरोग्य परिचारिकेची व्याख्याही आहे. अमेरिकेतल्यासारखा औषध लिहिण्याचा अधिकार मात्र तिला नाही. तो मिळावा असं मला मनापासून वाटतं, आधी कमी व्याप्तीचा, ठरावीक औषधांपुरता, जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली. नंदुरबारच्या एखाद्या पाड्यावर महिन्यातून एकदा येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाची वाट बघत गोळ्या संपतात, आणि गोळ्या संपल्या की आजार परततो.

आता एक काम सांगते, ते जाणाऱ्यांनी आणि न जाणाऱ्यांनीही करा. तुमच्या कॉलेजात जा आणि तुमच्या वर्षाच्या अभ्यासक्रमाची प्रत मागा. विषयवार तास, थिअरीचे वेगळे, प्रॅक्टिकलचे वेगळे, मनोरुग्णालयातल्या पोस्टिंगचे किती दिवस, सगळं कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सही-शिक्क्याने. मूल्यमापन करणाऱ्या संस्था हेच मागतात आणि इथेच फायली अडतात. अभ्यासक्रम बदलतात, लिपिक निवृत्त होतात, जुनी रजिस्टरं माळ्यावर जातात. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या पोस्टिंगचं रजिस्टर आम्हाला अकरा दिवस शोधूनही मिळेना. शेवटी मिळालं ते तिच्या मैत्रिणीच्या घरी, जुन्या लॉगबुकात जपून ठेवलेल्या झेरॉक्समध्ये. त्यात तिची मनोविकार वॉर्डातली नाइट ड्युटी लाल शाईने लिहिलेली होती, आणि शेजारी माझी सही होती.

नमस्कार.