दिवा लागला नाही तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. लेन बदलायच्या बेतात असताना बाजूच्या आरशात एक लहानसा पिवळा दिवा लागतो आणि आरशात न दिसणारे एखादे वाहन त्या बाजूला आहे, अशी सूचना देतो. त्याच वेळी आपण इंडिकेटर दिलेला असेल, तर तो दिवा लुकलुकू लागतो आणि बहुतेक गाड्यांत आवाजही होतो. ब्लाइंड स्पॉट मॉनिटरिंग या नावाने आता सर्वांना ठाऊक झालेल्या या यंत्रणेचा भरवसा किती धरावा, याविषयी आज बोलायचे आहे. (इंडिकेटर न देताच लेन बदलणाऱ्यांना या यंत्रणेतला निम्मा इशारा मिळतच नाही, आणि मला त्यांच्याबद्दल फारशी सहानुभूतीही वाटत नाही.)

व्होल्वो कंपनीने 2001 साली एका प्रायोगिक गाडीत ही कल्पना दाखवली आणि पुढे काही वर्षांतच ती विक्रीच्या गाड्यांत आणली. त्या वेळी आरशाखाली बसवलेला कॅमेरा सेकंदाला 25 चित्रे टिपून त्यांची तुलना करीत असे, आणि त्याची नजर गाडीलगतच्या साधारण साडेनऊ मीटर लांब व तीन मीटर रुंद अशा पट्ट्यावर असे. धुके, थेट कॅमेऱ्यात शिरणारे तिरपे ऊन किंवा भिंगावरचा चिखल यांपुढे त्याचे फारसे चालत नसे. आज बहुतेक गाड्यांत हे काम मागच्या बंपरच्या आत, दोन्ही कोपऱ्यांत लपवलेली रडार करतात. जुन्या पिढीची रडार 24 गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चालत, नवी 77 गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात.

रडारला प्रतिध्वनी सगळीकडूनच मिळतात. रस्त्याचा लोखंडी कठडा, बोगद्याची भिंत, उभी वाहने, झुडपे, चाकांनी उडवलेले पाणी, सारे काही त्याच्यापर्यंत पोहोचते. स्थिर वस्तू गाडीच्याच वेगाने मागे सरकत असल्यामुळे त्या गाळता येतात, पण उरलेल्यांपैकी कशाला वाहन म्हणायचे याची एक मर्यादा कोणीतरी ठरवावी लागते. ही मर्यादा खाली आणली की दिवा कठड्यालाही लागतो, आणि वर नेली की मोटरसायकलसारखा लहान प्रतिध्वनी उशिरा मोजला जातो. अमेरिकेतील एएए या वाहनचालक संघटनेने 2014 साली केलेल्या चाचण्यांत मोटरसायकलींची दखल मोटारींच्या तुलनेत सरासरी 26 टक्के उशिरा घेतली गेली होती.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, आणि मी ती पुन्हाही सांगणार आहे. उगाच लागलेला दिवा आपल्याला दिसतो. लागायला हवा असताना न लागलेला दिवा आपल्याला दिसत नाही. पहिल्याची आपण तक्रार करतो, दुसऱ्याची तक्रार करायला आपल्याकडे काही नसतेच. त्यामुळे गप्प राहणाऱ्या यंत्रणेलाच आपण भरवशाची यंत्रणा समजू लागतो.

माझ्या परिचयातील एक निवृत्त भौतिकशास्त्राचे शिक्षक आहेत. त्यांची कन्या रोज दूरचा प्रवास स्वतःच्या गाडीने करते. मध्यंतरी वाहनतळावर कोणीतरी त्या गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्याला धक्का दिला. बंपरला पोचा आला होता. गॅरेजमध्ये तो काढून, पुट्टी भरून, वर चकचकीत मेटॅलिक रंग मारून गाडी परत मिळाली, आणि काम इतके सफाईदार झाले होते की धक्का कोठे बसला होता हे शोधूनही सापडले नसते. काही आठवड्यांनी सर त्या गाडीत मागच्या आसनावर बसून निघाले. सरांना मागे बसण्याची आवड, कारण तेथून साऱ्या रस्त्याचे निरीक्षण करता येते आणि चालवणाऱ्याला सूचनाही देता येतात.

वाटेत एक मोटरसायकल डाव्या बाजूने त्यांच्या खिडकीपाशी आली आणि पुढे निघून गेली. सर म्हणाले, “अगं, तुझा दिवा लागलाच नाही.” कन्या म्हणाली, “बाबा, ती पटकन निघून गेली. तुम्ही उगाच काहीतरी काढू नका. उलट गाडी दुरुस्त होऊन आल्यापासून हा दिवा फार शहाणा झालाय, पूर्वीसारखा ऊठसूट लागत नाही.” सरांनी त्या वेळी वाद घातला नाही, पण ‘शहाणा झालाय’ हे त्यांच्या मनात राहिले. एखादे उपकरण धक्का खाऊन शहाणे झाल्याचे उदाहरण त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते.

पुढच्या खेपेस त्यांनी नातवालाही गाडीत घेतले. नातू पुढे बसून आरशांतल्या दिव्यांकडे पाही, सर मागे बसून बाहेर पाहत. एखादे वाहन गाडीच्या मागच्या चाकाला समांतर आले की सर “आले” म्हणत. दिवा लागला की नातू “लागला” म्हणे. वहीत डाव्या आणि उजव्या बाजूचे दोन रकाने होते. उजव्या बाजूला बहुतेक वेळा नातवाचा शब्द सरांच्या शब्दाआधीच येई, आणि ते बरोबरच होते. डाव्या बाजूला सर “आले” म्हणून थांबत, वाहन मागच्या दारापाशी पोहोचे आणि मग कधीतरी “लागला” ऐकू येई. मोटरसायकलींच्या वेळी तो शब्द कित्येकदा आलाच नाही. चालवणारी कन्या सुरुवातीला या खेळावर हसत होती. वही भरू लागली तशी ती गप्प झाली.

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीला स्कॅनर लावला गेला, त्यात दोषाचा एकही कोड निघाला नाही आणि “यंत्रणा उत्तम आहे” असे उत्तर मिळाले. ते उत्तर आपल्या परीने खरेही होते, कारण रडार चालू होते, लहरी सोडत होते आणि प्रतिध्वनीही मोजत होते. सरांनी वही पुढे केली आणि शांतपणे विचारले की दोन्ही बाजूंची यंत्रे एकच असतील, तर त्यांच्या उत्तरांत एवढा फरक कशामुळे पडतो? शेवटी एका जाणत्या मिस्त्रीने बंपर उतरवला. ज्या भागातून रडार बाहेर पाहते, नेमक्या त्याच भागावर आतून पुट्टीचा जाड थर होता आणि बाहेरून धातूचे कण असलेल्या रंगाचे थरावर थर होते; त्यांतून लहरी नीट आरपार जात नव्हत्या. शिवाय रडार धरून ठेवणारी पट्टी किंचित वाकलेली होती. मिस्त्री म्हणाला, “एवढ्याशा वाकण्याने काय होते?” सरांना असा प्रश्न विचारू नये. त्यांनी तेथेच कागदावर त्रिकोण काढला. पट्टी पाच अंशांनी वाकली, तर वीस मीटर अंतरावर रोख पावणेदोन मीटर सरकतो. साडेतीन मीटर रुंद लेन धरली, तर अर्धी लेन हातची गेली.

बंपरचे कवच बदलले, पट्टी बदलली, रडारचा रोख उपकरण लावून नव्याने जुळवला. आणि मला या गोष्टीत सर्वांत आवडतो तो भाग यानंतरचा आहे. दोन दिवसांनी कन्येने फोन करून सांगितले, “बाबा, डावा दिवा आता फारच त्रास देतो हो.”

श्रोतेहो, गोष्टीत माझा बराच वेळ गेला, तेव्हा राहिलेले थोडक्यात सांगतो. अमेरिकेतीलच आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेने 2017 साली पोलिसांकडील अपघातनोंदी तपासल्या. ही यंत्रणा असलेल्या गाड्यांत लेन बदलताना होणारे अपघात 14 टक्क्यांनी, आणि त्यांतील कोणी जखमी झालेले अपघात 23 टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजे दिव्याचा उपयोग निश्चित आहे, पण तो आरशाच्या जोडीला आहे, आरशाच्या जागी नाही. एएएच्या संशोधन प्रतिष्ठानाने 2018 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत यंत्रणा असलेल्या सुमारे 80 टक्के चालकांना तिच्या मर्यादांची नीट कल्पना नव्हती. अतिवेगाने येणारे वाहन, सायकलस्वार आणि पादचारीही ती अचूक टिपते, असा अनेकांचा समज होता.

लहान मागच्या काचा आणि छत पेलणारे गाडीचे जाडजूड खांब यांमुळे मान वळवूनही काही दिसू नये अशी गाडी आधी घडवायची आणि मग दिवा सोय म्हणून विकायचा, हा प्रकार मला मुळीच पसंत नाही. छत मजबूत ठेवण्यासाठी खांब जाड करावे लागतात हे मान्य, पण काचा लहान करण्याचे कारण बहुधा फॅशन हेच असते. ते असो.

उगाच लागणाऱ्या दिव्याचा प्रश्न मात्र आता नियमांतही आला आहे. लंडनमध्ये ऑक्टोबर 2024 पासून जड मालट्रकांना जी सुधारित यंत्रणा लागते, तिने रस्त्याकडेचे खांब आणि उभी वाहने पाहून इशारा देऊ नये, अशी अटच आहे.

आरशांबद्दलही सांगायला हवे. जॉर्ज प्लॅट्झर या अभियंत्याने 1995 साली मांडलेल्या रीतीप्रमाणे चालकाने डोके खिडकीच्या काचेला टेकवावे, आणि त्या बाजूच्या आरशात आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका तो बाहेर वळवावा. दुसऱ्या आरशासाठी गाडीच्या मध्यावर झुकून तसेच करावे. असे केल्याने न दिसणारी जागा बरीच कमी होते आणि दिव्यावर पडणारा भारही हलका होतो.

आणि मागच्या बंपरला कधी हात लागला असेल, तर पुन्हा सांगतो, दिवा लागला नाही याचा अर्थ बाजू मोकळी आहे असा धरू नका. बंपरच्या कोपऱ्यांवर स्टिकर लावू नका, तेथला चिखल पुसून घ्या, रंगकाम करायचे असेल तर रडारची जागा गॅरेजमध्ये आधी दाखवून द्या. एखाद्या जाणत्या माणसाला मागे बसवून दोन्ही बाजू एकमेकींशी ताडून पाहा. उभ्या गाडीत हे जमणार नाही; अनेक गाड्यांत ठराविक वेग गाठल्याखेरीज ही यंत्रणा जागीच होत नाही, आणि तो वेग किती हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दिलेले असते. नमस्कार.