अहवालाला तारीख हवी
(इंदूर येथील एका मराठी वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, संपादित स्वरूपात)

सभाध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि श्रोतेहो,

‘शासकीय धोरण आणि विज्ञानातील राजकीय हस्तक्षेप’ असा विषय निमंत्रणपत्रिकेवर छापलेला आहे. विषय मोठा आहे आणि मला एवढ्या वेळात त्यातले एकच म्हणणे मांडायचे आहे. राज्यकर्त्यांना नको असलेले शास्त्रीय निष्कर्ष पुढे आले की आकडे बदलले जातात, खोडले जातात, असा आपला सर्वसाधारण समज आहे. पाणी तपासण्याच्या कामात माझी नोकरीची सगळी वर्षे गेली. त्या काळात खोडलेला आकडा मी क्वचितच पाहिला. खणात ठेवून दिलेला अहवाल मात्र वारंवार पाहिला. हस्तक्षेप होतो तो प्रामुख्याने वेळेच्या मार्गाने होतो, आणि म्हणून त्याच्यावरचा उपायही वेळेचाच असला पाहिजे, हे आज मला सांगायचे आहे.

आपल्या गावाशी या विषयाचे जुने नाते आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड हे बिहारमधील पुसा येथील सरकारी कृषी संशोधन संस्थेत होते. तिथे एका पिकाचा प्रश्न निरनिराळ्या विभागांत वाटून घेतला जाई आणि अख्खे शेत कोणाच्याच नजरेसमोर राहत नसे, ही त्यांची तक्रार होती. अखेर कापूस समिती आणि मध्य भारतातील संस्थाने यांच्या पैशावर १९२४ मध्ये इंदुरात वनस्पतीविषयक संशोधनाची स्वतंत्र संस्था उभी राहिली, आणि तिथून कंपोस्ट खताची ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. आपल्या कृषी महाविद्यालयाचे आवार ते हेच. संशोधकाला आपल्या कामावर आपला ताबा हवा असतो, एवढ्यासाठी मी ही आठवण काढली. आता मूळ मुद्द्याकडे येतो.

हाफकिन हे नाव आपल्यापैकी सर्वांनी ऐकलेले आहे, कारण मुंबईच्या परळमधली संस्था त्या नावाने ओळखली जाते. पण त्या माणसावर काय प्रसंग आला होता, हे मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांतल्या फार थोड्यांना माहीत होते. म्हणून जरा सविस्तर सांगतो. वाल्डेमार हाफकिन हे मूळचे ओडेसाचे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करून ते हिंदुस्थानात आले, कलकत्त्यात त्यांनी कॉलऱ्याची लस टोचली, आणि १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आल्यावर ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आवारात प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी तिचा पहिला प्रयोग त्यांनी स्वतःच्या अंगावर केला आणि त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना ती देण्यात आली. १९०२ पर्यंत पंजाबात प्लेग इतका पसरला होता की तिथल्या सरकारला फार मोठ्या प्रमाणावर लस हवी होती, आणि उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिन यांनी आपल्या पद्धतीत एक बदल केला: कार्बोलिक ॲसिड हे जंतुनाशक वगळून उष्णतेने निर्जंतुक केलेली लस.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ लोकांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी ‘५३ एन’ असा क्रमांक असलेल्या एकाच बाटलीतून ज्यांना टोचले, त्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. इतर बाटल्यांतून टोचलेल्या कोणालाही काही झाले नाही. चौकशी समिती नेमली गेली. तिने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला, म्हणजेच बाटली मुंबईतच दूषित झाली असे मानले. कार्बोलिक ॲसिड वगळल्याची गोष्ट हाफकिन यांच्याविरुद्ध गेली. त्यांना कामावरून दूर करण्यात आले आणि ते विलायतेला परतले.

त्या चौकशीच्या कागदांत एक साक्ष होती. गावात बाटलीचे बूच काढताना साहाय्यकाच्या हातातील चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता, औषधी पाण्यात नुसता हलवून, त्याच चिमट्याने ‘५३ एन’चे बूच उघडण्यात आले होते. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आज शाळेतल्या मुलालाही माहीत आहे आणि तेव्हा प्रत्येक जंतुशास्त्रज्ञाला माहीत होते. बाटली उघडली तेव्हा तिला कसलाही दुर्गंध येत नव्हता, अशीही नोंद होती. धनुर्वाताचे जंतू तिच्यात कित्येक दिवस वाढत असते तर तसे झाले नसते. म्हणजे निर्दोषपणाचा पुरावा सरकारी कागदांतच होता. पण ते कागद सर्वांसमोर आले १९०६ च्या अखेरीस! मधली चार वर्षे हाफकिन एक एक दार ठोठावत होते आणि ज्यांना त्या विषयातले कळत होते त्यांच्या हाती वाचायला काहीच नव्हते.

आता पुढचा हिशेब पाहा. कागद प्रसिद्ध झाले आणि मलेरियाच्या संशोधनाबद्दल नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस यांनी ते वाचून जाहीर लेखणी उचलली. १९०७ च्या जुलैमध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र आले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त केले. कपाटात कागद होते तोवर चार वर्षे अन्याय टिकला. कागद बाहेर आल्यावर तो सुमारे एका वर्षात कोसळला. त्यासाठी नवा प्रयोग करावा लागला नाही, नवा साक्षीदार मिळाला नाही. जे लिहिलेले होते तेच जाणत्या माणसांनी वाचले. हाफकिन पुन्हा हिंदुस्थानात आले, पण त्यांना मुंबईची आपली प्रयोगशाळा परत मिळाली नाही. ते कलकत्त्यात राहिले. परळच्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले ते १९२५ मध्ये. ही गोष्ट मी तरुणपणी प्रथम वाचली तेव्हापासून तो जमिनीवर पडलेला चिमटा माझ्या डोळ्यांसमोरून हललेला नाही.

माझ्या स्वतःच्या नोकरीतला एक प्रसंग सांगतो. गाव आणि कार्यालय यांची नावे घेत नाही. धार–झाबुआ पट्ट्यात विहिरींच्या आणि हातपंपांच्या पाण्यात फ्लोराइड आहे, हे आपण सर्व जाणतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. मे महिन्यात आम्ही एका गावातल्या हातपंपांचे नमुने घेतले. प्रत्येक बाटली त्याच पंपाच्या पाण्याने दोनदा विसळायची, मग भरायची, चिठ्ठीवर पेन्सिलीने पंपाची खूण आणि वेळ लिहायची, कारण शाई पाण्याने पसरते. पंपापाशी शाळेतल्या मुली घागरी घेऊन उभ्या होत्या. त्यांतली एक हसली आणि लगेच तिने ओढणीचा पदर तोंडावर घेतला. तिच्या पुढच्या दातांवर तपकिरी आडवे पट्टे होते, पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याची ती खूण. मग मी बाकीच्यांकडे पाहिले. जवळजवळ प्रत्येकीचे दात तसेच होते.

तपासणीत बहुतेक पंपांचे पाणी मर्यादेच्या दुपटीहून अधिक निघाले. पंप बंद करावेत, पाण्याची दुसरी व्यवस्था करावी, असे लिहून मी अहवाल वर पाठवला. तो ‘फेरनमुने घ्यावेत’ अशा शेऱ्यासह परत आला. शेरा अयोग्य नव्हता, फेरतपासणी कोणत्याही प्रयोगशाळेत करतातच. पण मला तोंडी सांगण्यात आले की त्या भागात निवडणूक आहे, तेव्हा घाई करू नये. गाडी मिळाली नाही, मग डिझेल मिळाले नाही, मग पाऊस लागला. फेरनमुने घेतले गेले ते सप्टेंबरात, जमिनीत भरपूर पाणी मुरल्यानंतर. आकडे खाली आले होते, बरेचसे मर्यादेत बसत होते. धारिकेत सप्टेंबरचा तक्ता लागला आणि मे महिन्याचा तक्ता ‘आधीचा’ म्हणून काढून टाकण्यात आला.

त्या तक्त्यातला प्रत्येक आकडा खरा होता, कारण तो मीच काढला होता आणि खाली सहीही माझीच होती. कोणी खोटे बोलले नाही, कोणी कशावर रेघ मारली नाही. पण ती मुलगी पुढच्या उन्हाळ्यातही त्याच पंपाचे पाणी पीत राहिली. मे महिन्याचा तक्ता जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या भिंतीवर चिकटवला गेला असता, तर पुढे निवडणुकीचे काहीही झाले तरी तो भिंतीवरून कोणालाही उतरवता आला नसता.

महाराष्ट्राचे आणि आपले मोठे उदाहरण पश्चिम घाटाचे आहे. घाटातील निसर्ग कसा राखायचा हे सांगण्यासाठी नेमलेल्या, माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आपला अहवाल ३१ ऑगस्ट २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला सादर केला. मंत्रालयाने तो प्रसिद्ध केला नाही. केरळातील एका अर्जदाराने माहितीच्या अधिकारात तो मागितला, केंद्रीय माहिती आयोगाने एप्रिल २०१२ मध्ये तो खुला करण्याचा आदेश दिला, मंत्रालय त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तिथे हरले, आणि मे २०१२ मध्ये अहवाल लोकांसमोर आला. हे नऊ महिने फार महत्त्वाचे आहेत. समितीची शिफारस अशी होती की हा अहवाल स्थानिक भाषांतून ग्रामसभांपुढे जावा आणि कुठे काय राखायचे ते लोकांनी ठरवावे. प्रत्यक्षात अहवाल बंद राहिला आणि त्या काळात कोकणापासून केरळपर्यंत शेती बंद होणार, घर बांधता येणार नाही, अशा अफवा घरोघरी पोचल्या. अहवाल उघडला तेव्हा त्याच्याविषयीचे मत पक्के होऊन बसले होते. पुढे दुसरी समिती नेमली गेली, तिने राखायचे क्षेत्र घाटाच्या सुमारे ३७ टक्क्यांवर आणले, आणि त्यानंतर अधिसूचनेचे मसुद्यांवर मसुदे निघत राहिले. ३० जुलै २०१४ ला दरड कोसळून पुणे जिल्ह्यातील माळीण हे गाव गाडले गेले. ३० जुलै २०२४ ला वायनाड जिल्ह्यातील मुंडक्कई आणि चूरलमला ही गावे वाहून गेली. त्या अहवालाने या दोन दुर्घटना टळल्याच असत्या, असे मी म्हणणार नाही. तेवढा पुरावा माझ्याकडे नाही. पण डोंगराच्या उतारावर काय करू नये याची चर्चा गावागावांत व्हायची ती वर्षे वाया गेली, हे मी ठामपणे म्हणतो.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे. हाफकिन यांच्यावर मी ठरवले होते त्यापेक्षा जास्त वेळ घेतला, त्यामुळे ज्यासाठी आलो ते आता भराभर सांगावे लागेल.

२०१७–१८ च्या रोजगार पाहणीचा अहवाल राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाने डिसेंबर २०१८ मध्ये मंजूर केला होता. तो बाहेर येत नाही म्हणून जानेवारीत आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले, आणि बेरोजगारीचा ६.१ टक्के हा आकडा अधिकृतपणे प्रसिद्ध झाला तो लोकसभेची निवडणूक आटोपल्यावर, ३१ मे २०१९ रोजी. आकडा तोच राहिला, फक्त तारीख बदलली. याउलट किरकोळ महागाईचा आकडा पाहा. तो दर महिन्याच्या १२ तारखेला येतो. तो सरकारला गैरसोयीचा असो वा सोयीचा, निवडणूक असो वा नसो, १२ तारीख आधीच जाहीर असल्यामुळे तो रोखायचा तर उघडपणे रोखावा लागेल. हवामान खात्याचा पावसाचा पहिला अंदाजही दर एप्रिलमध्ये येतो आणि शेतकरी त्याची वाट पाहत असतो. दोन्ही सरकारीच खाती आहेत, तीच माणसे, तोच पगार. फरक आधी ठरलेल्या तारखेचा आहे.

म्हणून माझी मागणी अशी आहे. समिती नेमताना किंवा नमुने घ्यायला माणसे पाठवतानाच अहवाल कोणत्या दिवशी प्रसिद्ध होणार ते जाहीर करावे. त्या दिवशी तो जसा असेल तसा, मूळ तक्त्यांसह, स्थानिक भाषेतील सारांशासह लोकांसमोर यावा. सरकारला तो पटला नाही तर सरकारने आपली कारणे वेगळ्या कागदावर लिहावीत आणि सही करावी; निर्णय घेण्याचा अधिकार लोकांनी निवडून दिलेल्यांचाच आहे, शास्त्रज्ञांचा नाही, हे मला मान्य आहे. फेरतपासणी झाली तर दुसरा तक्ता पहिल्याच्या शेजारी लागावा, त्याच्या जागी लागू नये. लोक घाबरतील, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. पीथमपूरला भोपाळच्या वायुगळतीच्या कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा जाळण्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये आला तेव्हा लोक किती घाबरले होते ते आपण तीस किलोमीटरवरून पाहिले. भोपाळची दुर्घटना १९८४ ची आणि १९८५ ते १९९४ या काळातील आरोग्य-पाहणीचा तांत्रिक अहवाल बाहेर आला २००४ मध्ये. एवढी वर्षे ज्यांना कागद दाखवला गेला नाही, त्यांनी भट्टीतून निघणाऱ्या धुराच्या आकड्यांवर एका दिवसात विश्वास ठेवावा, अशी अपेक्षा कशी करता येईल? फेब्रुवारी अखेरीस सुरू झालेल्या चाचण्यांनंतर जूनअखेर तो कचरा जाळून झाला. त्याची राख आणि आसपासच्या विहिरींचे पाणी यांची तपासणी पुढची कित्येक वर्षे व्हायला हवी, आणि तिला तारीख हवी.

सभागृहाच्या दारापाशी टेबलावर माहितीच्या अधिकाराच्या अर्जाचा एक नमुना ठेवला आहे. त्यात दोनच प्रश्न आहेत: पीथमपूर परिसरातील विहिरींच्या पाण्याचे नमुने कोणत्या तारखेला घेतले, आणि त्यांचे तक्ते कोणत्या तारखेला प्रसिद्ध केले. दहा रुपये शुल्क आहे आणि तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. जाताना प्रत्येकाने एक प्रत न्यावी. उत्तर आले की ते वाचनालयात आणून द्यावे. वृत्तपत्रांच्या कक्षात ते लावण्यासाठी फळ्याची जागा मी मागून ठेवली आहे.