मिलिटरीबाबाची खोली

(सशस्त्र सेना ध्वजदिनी, 7 डिसेंबरला, तालुक्याच्या गावी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, सरपंचताई, माझे फौजेतले भाऊ आणि समोर बसलेल्या सगळ्या माऊल्या. कापूस वेचणीचे दिवस आहेत, मजूर मिळत नाही, तरी तुम्ही दुपार मोडून आलात. पत्रिकेवर विषय छापलाय ‘माजी सैनिक निवास व साहाय्य : रचना आणि खर्च’. त्यावर बोलणारच आहे. पण आपल्या माजी सैनिक मंडळाच्या खोलीत पहिल्यांदा राहायला कोण आलं, ते आधी सांगतो. ते कळलं की रचना आपोआप कळेल.

वर्धा नदीकाठच्या एका गावात एक म्हातारा राहत होता. गाव त्याला मिलिटरीबाबा म्हणायचं. पऱ्हाटीच्या कुडाचं घर, वर टिना, आत एक ट्रंक. रात्री दुसऱ्यांच्या शेतात जागल करायचा, रानडुकरं हाकलायचा. ऑगस्टच्या झडीत कूड बसला आणि बाबा शाळेच्या वऱ्हांड्यात आला. मास्तरांनी मला फोन केला. मी गेलो तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. बाबाची दाढी झालेली, घोंगडीची घडी अशी की चारही कोपरे एकावर एक. माझ्यासारख्या फौजेतल्या माणसाला दुसरं काही विचारावंच लागलं नाही.

मी म्हटलं, “बाबा, पेन्शन किती येते?”

म्हणाला, “काहाची पेन्शन? माय बिमार होती, नऊ वर्सात नाव कापून आलो.”

मंडळी, इथे जरा थांबतो. ‘मिलिटरीवाला म्हणजे पेन्शनवाला’ हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की अंगावर काटा येतो. जवानाला सेवेची पेन्शन लागू व्हायला 15 वर्षं पुरी करावी लागतात. कुणाची माय आजारी, कुणाचा भाऊ विहिरीत पडलेला, कुणाची शेती बुडालेली. स्वतःच्या अर्जावर लवकर सुटून आलेला माणूस गावात परततो तो रिकाम्या हातानं. 2003 साली ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना आली, दवाखान्याची फार मोठी सोय झाली, पण ती मुख्यतः पेन्शनवाल्यांची. वन रँक वन पेन्शन, म्हणजे सारखा हुद्दा, सारखी सेवा तर सारखी पेन्शन, 1 जुलै 2014 पासून धरली, आपण पेढे वाटले, वाटायलाच हवे होते. मिलिटरीबाबाच्या कुडात त्यातला एक पेढा पोचला नाही. आणि त्याच बाबाला एका कार्यालयात, नाव घेत नाही, टेबलापलीकडून ऐकवलं गेलं, “तुम्हा लोकांना काय कमी आहे?” मी शेजारी उभा होतो. बाबा काही बोलला नाही. बाहेर येऊन नळावर बराच वेळ तोंड धूत राहिला.

तर कागद पाहू म्हणून ट्रंक उघडली. डिस्चार्ज बुकाला, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेल्या सेवेच्या पुस्तकाला, उधळी लागलेली. हातात घेतलं तर भुसा. मला वाटलं, संपलं. मी उगाच विचारलं, “बाबा, नंबर आठवतो का?” पंच्याहत्तरीचा माणूस उठून उभा राहिला. टाचा जुळवल्या. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, एका श्वासात. पन्नास वर्षं झाली होती सुटून. बाकी त्याला परवा काय जेवला ते आठवत नव्हतं.

त्या नंबरावर पुढचं सगळं उभं राहिलं. पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद, प्रतिज्ञापत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र, डिस्चार्ज बुकाऐवजी दाखला. मग केंद्रीय सैनिक बोर्डाच्या मदतीचा अर्ज. पेन्शन नसलेल्या, हवालदार हुद्द्यापर्यंतच्या, 65 वर्षांवरच्या माजी सैनिकाला ती दरमहा मिळते. 4000 रुपये होती, 2025 मध्ये 8000 झाली. इथे बसलेल्यांपैकी किती जणांना ठाऊक होतं? हात वर करा. ... बघा. आणि आपण रोज संध्याकाळी एकाच चावडीवर बसतो.

या सगळ्याला महिने लागतात. तेवढे महिने माणसानं राहायचं कुठे? जिल्ह्याच्या सैनिकी विश्रामगृहात एखाद-दोन रात्री निघतात. बाबाला आपण इथे तालुक्याला आणलं, भाड्याच्या खोलीत ठेवलं. महिनाभरानं मोठ्या आनंदानं मी त्याला म्हटलं, आता इथेच राहा, जेवणखाण आमच्याकडे लागलं. तर म्हणाला, “साहेब, मले खोली नोका देऊ. माह्या गावात चौथरा देऊन द्या. मले तिथं पोळा पायाचा हाय.”

माझं डोकं त्या दिवशी ताळ्यावर आलं. मी वृद्धाश्रमाचे नकाशे काढून बसलो होतो. आपल्या शेंडगावच्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या. धर्मशाळेत माणूस येतो, चूल मांडतो, काम होईस्तोवर राहतो आणि आपल्या घरी जातो. आपल्याला हवी ती धर्मशाळा. येत्या 20 डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी आहे, म्हणून हे आज मुद्दाम सांगतो.

आता माऊल्यांसाठी एक गोष्ट, आणि ही तक्रारच आहे. मी चोवीस वर्षं फौजेत क्लार्क होतो, नावांच्या नोंदी करण्यात माझं आयुष्य गेलं. आपल्याकडे लग्नात नवरा तांदळाच्या ताटात अंगठीनं बायकोचं नवीन नाव लिहितो. माहेरची सुमन सासरी वंदना होते. रेकॉर्डला नोंद सुमन, आधारला वंदना. एक जवान तर मला म्हणाला होता, “साहेब, घरी तिले कोणी नावानं हाक मारतच नाही, बबल्याची माय म्हणते, तेच लिहा.” (हशा) हसा, पण पुढचं ऐका. नवरा गेला की पेन्शन थांबते, आणि कुटुंब निवृत्तिवेतन मागायला आलेली बाई कागदावर दुसरीच कोणी असते. आपल्या ओळखीतली एक माऊली चौदा महिने फिरली. पहिल्यांदा बकऱ्या विकल्या, मग डोरलं. शेवटी घरभाडं थकलं म्हणून बोचकं घेऊन आपल्या ओट्यावर बसली. लागत काय होतं? दोन्ही नावांचं प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात, जोडफोटो आणि अर्ज. नवरा जिवंत असताना हे केलं असतं तर सहीच्या एका फेरीत झालं असतं. घर जातं ते असं जातं, भिंत पडायच्या कितीतरी आधी.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत. तर रचना.

खोल्या चार. एक बायांसाठी राखीव, तिला आतून कडी आणि वेगळा संडास. छप्पर टिनाचं करायचं नाही. आपल्या मे महिन्यात टिनाखाली धडधाकट माणूस टिकत नाही. कवेलू किंवा स्लॅब. संडास कमोडचा, बाजूला धरायला पाइप, कारण गुडघे गेलेले असतात. पाठीच्या कण्याला मार बसलेल्या जवानांसाठी खडकीला केंद्र आहे, पण तिथून उपचार घेऊन परतलेल्या माणसाला गावच्या घरात चाकाची खुर्ची फिरवता आली पाहिजे, म्हणून आपल्याकडे एका खोलीला उंबरठा नको. आणि दार समोर दिसेल अशी खाट. लढाई पाहिलेली माणसं दाराकडे पाठ करून झोपत नाहीत. दिवाळीत फटाके वाजतात तेव्हा त्यांच्यासोबत कोणीतरी बसायचं.

दुसरं, सोबत. कार्यालयात माणूस एकटा जाणार नाही. पुढे बोलणारा आपला, मागे उभा राहणारा आपला. पुलगावच्या फौजी कॅन्टीनला जाणारी गाडी आहेच, तिच्यात दोन जागा कागदवाल्यांच्या.

तिसरं, परतीचं घर. घरकुलाचे 1,20,000 रुपये केंद्राच्या योजनेतून मिळतात, पण जागा नावावर लागते. बाबाचा नमुना आठ, म्हणजे घरजागेचा उतारा, भावाच्या नावावर होता. ग्रामसभेत भावानं सगळ्यांसमोर चौथऱ्यापुरती जागा सोडली, त्या दिवशी मिलिटरीबाबा रडला. सरपंचताई, तुम्हाला विनंती, यादी करताना मिलिटरीवाला दिसला की नाव खोडू नका, आधी पेन्शन आहे का विचारा.

खर्च राहिला. भाडं, वीज, किराणा वर्गणीतून निघतं; हिशेब भिंतीवर लावलाय, तिथे वाचा. प्रश्न पैशाचा नाही इतकंच सांगतो, प्रश्न फिरणाऱ्या माणसांचा आहे.

आणि घाई का, तर अग्निवीर. 2022 पासूनची भरती चार वर्षांची. चारांतला जास्तीत जास्त एक पुढे राहील, बाकीची पोरं परत येतील, विशी-पंचविशीत, पेन्शनशिवाय. तीही आपल्याच गावांत येणार आहेत. कागद सांभाळायची सवय त्यांना आपण आत्ताच लावायची.

बाबा आज इथे यायचा होता. घरात लाइटवाला येणार म्हणून गावीच थांबला.

दाराजवळ टेबलावर वही ठेवलीय. जाताना प्रत्येकानं आपला नंबर, हुद्दा, पलटण लिहा. आणि त्याच्या खाली बायकोची दोन्ही नावं, माहेरचंही.