गरम पाण्याचं बिल

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे ते गॅस नसलेल्या घरांविषयी. पुण्याच्या कडेकडेला, वाकड, वाघोली, हिंजवडीच्या बाजूला अशी घरं आता पुष्कळ दिसतात. भाड्याने राहणारं तरुण जोडपं असतं, गॅसचं कनेक्शन गावाकडच्या पत्त्यावर असतं, पाइपचा गॅस अजून इमारतीत आलेला नसतो. मग स्वयंपाक इंडक्शनवर, आंघोळीचं पाणी गिझरवर, आणि मार्च उजाडला की रात्रभर एसी. सगळा संसार एका मीटरवर चालतो. त्यामुळे बिल शेजाऱ्यापेक्षा जास्त येणार, हे आधी मान्य करायला हवं. त्याचे सिलिंडरचे पैसे वेगळे जातात, तुमचे नाही. प्रश्न असतो तो एवढाच, की येणाऱ्या आकड्यातला किती भाग खरंच गरजेचा आहे.

बिल फुगलं की पहिला संशय दिव्यांवर जातो. "हॉलमधला दिवा कुणी चालू ठेवला?" हे वाक्य आपण वडिलांकडून ऐकलं आणि आता मुलांना ऐकवतो. साठ आणि शंभर वॅटच्या पिवळ्या बल्बच्या काळात ते रास्त होतं. आजचा एलईडी दिवा नऊ वॅटचा असतो. एक युनिट म्हणजे हजार वॅटचं उपकरण तासभर चालणं. म्हणजे हा दिवा सलग १११ तास जळेल तेव्हा कुठे एक युनिट होईल. दिवा जरूर बंद करा, सवय चांगलीच आहे, पण बिल त्याने हलणार नाही.

वीज खाते ती उष्णता. एखादी वस्तू फिरवायला किंवा उजेड पाडायला फार थोडी वीज पुरते. तापवायला मात्र भरपूर लागते. आणि घरात सगळ्यात जास्त तापवलं जातं ते पाणी.

याचा हिशेब अगदी सोपा आहे, कागद लागत नाही. हिवाळ्यात टाकीतलं पाणी २० अंशांच्या आसपास असतं आणि आंघोळीला आपल्याला साधारण ४० अंशांचं लागतं. एका युनिटमध्ये ४० लिटरच्या थोडं वर पाणी एवढं तापतं. २० लिटरची बादली घेतलीत तर अर्धं युनिट. आता शॉवर घ्या. साधा शॉवर मिनिटाला आठेक लिटर पाणी सोडतो. आठ मिनिटं उभे राहिलात की ६४ लिटर, म्हणजे दीड युनिट. मघाचा तो नऊ वॅटचा दिवा तेवढ्या विजेत जवळजवळ आठवडाभर रात्रंदिवस जळाला असता.

चार माणसांच्या घरात बादलीने आंघोळ केली तर महिन्याला ६० युनिट, शॉवरने १८०. फरक १२० युनिटचा. आणि नव्या फ्लॅटमध्ये छत्रीएवढे जे शॉवर बसवतात, ते यापेक्षाही जास्त पाणी सोडतात. तुमचा किती सोडतो ते पाहायचं असेल तर खाली बादली ठेवा आणि ती किती वेळात भरते ते घड्याळात बघा. मी शॉवरच्या विरोधात नाही, हे सांगून टाकतो. पण आठाची चार मिनिटं करणं हा घरातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे. त्याला इलेक्ट्रिशियनही लागत नाही आणि घरमालकाची परवानगीही.

आता गिझरविषयी नेहमीचा वाद. दिवसभर चालू ठेवलेला बरा, की लागेल तेव्हा लावलेला? काही जण ठामपणे सांगतात की पुन्हा पुन्हा तापवण्यापेक्षा गरम ठेवणं परवडतं. तसं नाही. टाकीतलं पाणी गरम असेपर्यंत तिच्यातून उष्णता बाहेर झिरपत राहते, आणि ती भरून काढायला गिझर मधून मधून आपोआप लागतो. २५ लिटरच्या चांगल्या गिझरमध्ये ही गळती दिवसाला अर्ध्या युनिटच्या पुढेमागे असते, जुन्यात आणखी जास्त. गिझरवरचे तारे याच गळतीसाठी दिलेले असतात. पाणी किती वेगाने तापतं याच्याशी त्यांचा संबंध नाही, हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही. तेव्हा आंघोळीच्या आधी वीसेक मिनिटं लावावा, सगळ्यांच्या आंघोळी लागोपाठ उरकाव्यात आणि बटण बंद करावं. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर आतल्या कॉइलवर क्षारांचा थर चढतो. पाणी तापायला उशीर होऊ लागला किंवा गिझर आवाज करू लागला की सर्व्हिसिंग करून घ्यावं.

वसतिगृहात आणि पीजीत राहणारी मुलं बादलीत रॉड टाकतात. "रॉडला फार वीज लागते" असं मालक त्यांना ऐकवतात. विजेच्या दृष्टीने रॉड अजिबात उधळा नाही. त्याची सगळी उष्णता बादलीतच जाते. दीड हजार वॅटचा रॉड वीस मिनिटांत अर्धं युनिट घेतो आणि बादलीभर पाणी आंघोळीजोगं करतो. त्याला नकार द्यायचा तो धोक्यासाठी. रॉड चालू असताना पाण्याला हात लावला आणि शॉक बसला, असे अपघात होतात. वापरावाच लागला तर आधी प्लग काढायचा, मगच बोट बुडवायचं.

तुमच्या इमारतीच्या गच्चीवर सोलरचं गरम पाणी असेल तर ते सकाळी आठलाच संपतं, अशी तक्रार बहुतेक सोसायट्यांत ऐकू येते. दिवसभर ऊन खाल्लेली ती टाकी सगळ्यात गरम असते संध्याकाळी, आणि तेव्हा तिच्याकडे कुणी फिरकत नाही. घरातल्या एक-दोघांना संध्याकाळी आंघोळ चालत असेल तर तेवढी वीज सरळ वाचली.

एसीबद्दल थोडक्यात. दीड टनाचा चांगला इन्व्हर्टर एसी तासाला अर्धं युनिट धरा, म्हणजे रात्रीचे आठ तास महिनाभर चालला तर १२० युनिट. २०२० पासून नवे एसी सुरू होतानाच २४ अंशांवर येतात. ते १८ वर नेल्याने खोली लवकर थंड होत नाही, नुसतं यंत्र जास्त वेळ राबतं. २६ वर ठेवून पंखा लावला तर बहुतेकांना झोप लागते. आणि बाहेरचं युनिट ड्राय बाल्कनीत सामानाच्या ढिगाऱ्यात कोंडलेलं असेल तर ते आधी मोकळं करा. पंखा बदलायचा झाला तर बीएलडीसी घ्या: जुना पंचाहत्तर वॅट खातो, हा तिशीच्या आसपास. फ्रिजची काळजी सोडून द्या, महिन्याला तो वीसेक युनिटपलीकडे सहसा जात नाही. इंडक्शनलाही उगाच दोष देतात. लिटरभर चहाचं आधण युनिटच्या दहाव्या हिश्श्यात येतं. वॉशिंग मशिनमध्ये मात्र ६० अंशांचा प्रोग्रॅम लावलात की पुन्हा पाणी तापवणंच आलं. रोजच्या कपड्यांना थंड पाणी पुरतं.

आता बिल हाताशी असेल तर घ्या. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: शंभर युनिटपर्यंत एक, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत, आणि त्यापुढे आणखी चढा. ३०१ वं युनिट पडलं की सगळंच बिल वरच्या दराने लागतं, हा समज चुकीचा आहे. वरचा दर फक्त वरच्या युनिटना लागतो. पण तीनशेच्या पुढचा दर पहिल्या शंभराच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणून तुमचा वापर ३८० असेल आणि शॉवर आवरून ८० युनिट कमी झाली, तर वाचतात ती सगळ्यात महागडी ८० युनिट. त्यावरचं १६ टक्के वीज शुल्कही वाचतं. स्थिर आकार मात्र काहीही केलं तरी भरावाच लागतो, आणि थ्री फेज जोडणी असेल तर तो सिंगल फेजपेक्षा बराच जास्त असतो. नवा स्मार्ट मीटर बसला असेल तर सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापराला प्रति युनिट सवलत आहे. कपडे धुणं, इस्त्री त्या वेळेत करता आली तर पाहा.

एवढं करूनही आकडा पटत नसेल तर आधी बिलावरचं चालू रीडिंग आणि प्रत्यक्ष मीटरवरचा आकडा जुळतो का ते बघा. मीटर वाचायला कुणी आलं नाही तर सरासरीने बिल येतं, आणि पुढच्या रीडिंगला सगळा फरक एकदम अंगावर येतो. टाळेबंदीनंतर जून २०२० मध्ये राज्यभर बिलांवरून जो गदारोळ झाला, त्यामागे हेही एक मोठं कारण होतं. महावितरणच्या ॲपवर आपलं रीडिंग आपणही पाठवू शकतो.

मग मीटरजवळ जा. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि बाजूला ३२०० किंवा १६०० असा आकडा लिहिलेला असतो. तेवढ्या लुकलुकींचं एक युनिट. ३२०० असेल आणि मिनिटाला साधारण ५३ वेळा लुकलुकत असेल, तर घरात त्या क्षणी हजार वॅट चालू आहेत. कुणाला तरी फोनवर ठेवून एकेक उपकरण लावायला सांगा, कोण किती खातं ते डोळ्यांदेखत कळेल. शेवटी घरातला मेन स्विच बंद करा. पाचेक मिनिटं थांबूनही दिवा लुकलुकत राहिला, तर कुठेतरी गळती आहे किंवा तुमच्या मीटरवर दुसऱ्याचं काहीतरी जोडलेलं आहे. नव्या इमारतींत दोन फ्लॅटच्या मीटरची अदलाबदल झाल्याचंही सापडतं. हे उलगडायला परवानाधारक इलेक्ट्रिशियनच बोलवा, मीटरच्या पेटीत स्वतः हात घालू नका.

मीटरवरच शंका असेल तर तपासणीसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. फोनवर तक्रार करायची तर क्रमांक १९१२. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, आणि त्यावर विद्युत लोकपाल, मुंबईत आणि नागपुरात. तिथे जाताना मागची वर्षभराची बिलं आणि मीटरचे तारीख दिसणारे फोटो सोबत ठेवा.

नमस्कार.