साभार परत, आणि त्याआधीचं

मंडळी, कविता कशी लिहावी यावर मी बोलणार नाही. लिहून झालेली कविता पाठवायची कशी, एवढाच आजचा विषय. काही वर्षं मी एका नियतकालिकासाठी आलेल्या कविता वाचत होते आणि स्वतःच्याही इतरत्र पाठवत होते. त्यामुळे ‘साभार परत’ मी केलेलंही आहे आणि सोसलेलंही.

अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सननं एप्रिल १८६२मध्ये टॉमस हिगिन्सन या लेखकाला चार कविता पाठवल्या आणि विचारलं, माझ्या कवितेत जीव आहे का? त्याला त्या पुरत्या उमगल्या नाहीत. छापायची घाई नको, असं त्यानं सुचवलं. तिच्या हयातीत जेमतेम दहा कविता छापून आल्या. लिहिल्या होत्या अठराशेच्या आसपास. संपादकांना काही कळत नाही, हे पटवायला लोक ही गोष्ट सांगतात. मला त्यातलं दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. नवोदित लेखकांसाठी हिगिन्सननं मासिकात लिहिलेला लेख तिनं आधी वाचला होता, मग पाकीट पाठवलं. पुढे त्यांचा पत्रव्यवहार तिच्या मृत्यूपर्यंत चालला, आणि १८९०मध्ये तिचा पहिला संग्रह निघाला तेव्हा त्याच्या दोन संपादकांत हिगिन्सन होताच.

आमच्याकडे कविता पाठवणाऱ्या बहुतेकांनी आमचा एकही अंक चाळलेला नसायचा. ते दुसऱ्या ओळीला कळतं. मुक्तछंदच छापणाऱ्यांकडे वृत्तबद्ध स्तोत्र येतं, सोबत दोन पानं कवितेचा अर्थ! अर्थ पाठवू नका. तीन ते पाच कविता, सगळ्यांत भक्कम ती वर, कारण गठ्ठा वाचणारा माणूस थकलेला असतो. निवड निनावी असेल तर कवितेच्या पानावर नाव नको. फाइलच्या नावातही नको, तिथेच बहुतेक जण फसतात. आणि ‘अप्रकाशित’ म्हणजे काय, ते नियमांत बघा. समाजमाध्यमावर टाकलेली कविता अनेक संपादक प्रकाशितच धरतात.

स्पर्धांचं प्रकरण जरा निराळं. प्रवेश शुल्क असलं म्हणजे लबाडी असतेच असं नाही. परीक्षकांचं मानधन त्यातून निघतं. पण परीक्षक कोण, हे आधी जाहीर आहे का? हक्क कोणाकडे राहतात? काही ठिकाणी भाग घेतल्यानंच सगळे हक्क आयोजकांकडे जातात; तिथून सरळ उठावं. प्रत्येकाचीच कविता ‘निवडली’ जाते आणि मग संग्रहाची प्रत विकत घ्या म्हणतात, तिथे कवी हाच ग्राहक असतो. २००४मध्ये अमेरिकेत एका संकेतस्थळानं, परीक्षक आपल्याच विद्यार्थ्यांना आणि मित्रांना बक्षिसं देतात, असे आरोप नावानिशी मांडले. बराच गदारोळ झाला. परीक्षकाशी नातं असलेल्यानं भाग घेऊ नये, अशी अट आता अनेक नियमावल्यांत दिसते, ती उगाच नाही.

एकच कविता दोन ठिकाणी पाठवायची का? परवानगी असेल तर जरूर, पण एकीकडून होकार आला की त्याच दिवशी दुसरीकडे कळवायचं. मी एकदा विसरले. कविता दोन्हीकडे छापून आली आणि एका संपादकांनी पुन्हा माझं पाकीट उघडलं नाही. बरोबरच केलं त्यांनी. तेव्हापासून वही ठेवते: तारीख, कविता, कुठे, काय झालं. शेवटच्या रकान्यात सर्वांत जास्त वेळा लिहिलंय, ‘उत्तर नाही’.